तेल लावून बसलेला शनिवार

पहिल्यांदा डोक्याला एरंडेल लावलं तेव्हा मी घड्याळाकडे बघितलं, नळाकडे बघायचं राहिलं. परळच्या आमच्या जुन्या इमारतीत पाणी पहाटे साडेपाचला येतं आणि पावणेआठला जातं. मी सव्वासातला वाटीभर एरंडेल टाळूवर, खांद्यांवर, गुडघ्यांवर थापलं आणि तासभर बसून राहिले, कारण योगवर्गातली मैत्रीण ‘मी एक तास ठेवते’ असं म्हणाली होती. त्या एका तासापर्यंत पोचायला तिला तीन महिने लागले होते, हे मी विचारलंच नव्हतं. सव्वाआठला नळ सोडला तर नुसती हवा फुसफुसली. पिंपात दोन बादल्या पाणी होतं. खोबरेल असतं तर दोन बादल्यांत भागलं असतं. एरंडेल ढिम्म हललं नाही. संध्याकाळी चुलतभावाचा साखरपुडा होता. फोटोत माझे केस डोक्याला डिंकानं चिकटवल्यासारखे दिसतात.

“अगं, शनिवारी तेल मारुतीला घालतात,” आई म्हणाली. “तू स्वतःलाच घालून बसलीस.”

त्याला सहा वर्षं झाली. आता माझा बहुतेक शनिवार तेलाचा असतो, आणि वर्गात नवीन आलेलं कुणीतरी दर महिन्याला तेच विचारतं: तेल लावल्यानं सांधे मोकळे होतात का? उष्णता निघते म्हणतात ती कुठली? रोज आसनं करणाऱ्याला हे लागतंच का? थोडक्यात उत्तर द्यायला गेलं की एरंडाचं गुऱ्हाळ होतं, म्हणून एकदा नीट लिहून काढते.

एका बाटलीत तीन तेलं

घोटाळा असा आहे की तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेल्या गोष्टी आपण एकाच बाटलीत भरतो.

पहिली घरातली. नरकचतुर्दशीला पाटाभोवती रांगोळी, अंधारात कुडकुडत बसणं, आईनं पाठीला चोळलेलं सुगंधी तेल, उटणं आणि मग पायाच्या अंगठ्यानं फोडलेलं कारीट. वर्षातून एकदा. बाळ-बाळंतिणीला मात्र सव्वा महिना रोज तेल, शेक, धुरी. यात योगासनांचा काही संबंध नाही.

दुसरी आयुर्वेदातली. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिनचर्येच्या अध्यायात अभ्यंग ‘नित्य’ करावा असं सांगितलंय. थकवा, म्हातारपण आणि वात कमी होतो, झोप चांगली लागते, असं फळही दिलंय. त्यातही डोकं, कान आणि पाय यांना विशेषकरून लावावं, असा त्याचा सुटसुटीत सल्ला आहे. चरकानं दिलेले दाखले मला जास्त आवडतात: तेल मुरलेला घडा, तेल चोळलेलं चामडं आणि वंगण घातलेला गाडीचा आस. तिन्ही वस्तू तेलानं चिवट होतात, तसंच शरीर, असं तो म्हणतो. बैलगाडीतून फिरणाऱ्या माणसाला हे समजावून सांगायला वेगळं काही लागलं नसेल.

आता गंमत बघा. वाग्भटाचा क्रम आहे आधी अभ्यंग, मग व्यायाम, मग उटणं चोळणं, मग स्नान. म्हणजे तेल लावून व्यायाम करायचा, तोही अर्ध्याच ताकदीनं. तालमीतल्या पहिलवानाला हे पटेल. पण तेलकट तळहातांनी चटईवर अधोमुख श्वानासन करून बघा. दुसऱ्या श्वासाला हनुवटी जमिनीवर.

तिसरी गोष्ट म्हैसूरची. तिरुमलै कृष्णमाचार्य (१८८८–१९८९) १९३०च्या दशकात म्हैसूरच्या राजवाड्यातल्या योगशाळेत शिकवत. त्यांचे शिष्य पट्टाभि जोइस (१९१५–२००९) यांनी पुढे जी अष्टांग विन्यास पद्धत चालवली, तिचा नेम कडक: आठवड्यातले सहा दिवस पहाटे सराव, अमावास्या-पौर्णिमेला सुट्टी, आणि शनिवारी सुट्टी व एरंडेलाचं स्नान. आज जगभर चटई पसरणारे लोक ‘शनिवारचं तेल’ म्हणतात ते हे. मुंबईला योगासनं काही नवी नाहीत. योगेंद्रांनी १९१८ साली वर्सोव्याला योग इन्स्टिट्यूट काढली, ती पुढे सांताक्रूझला आली. १९२४ साली कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं. पण हा शनिवार मात्र आपल्याकडे दक्षिणेतून आला.

आणि शनिवारच का? त्याचं उत्तर मला माटुंग्याला मिळालं. तिथल्या एका मैत्रिणीच्या आईनं सांगितलं की तमिळ घरात पुरुषांनी बुधवारी-शनिवारी तेलस्नान करायचं, बायकांनी मंगळवारी-शुक्रवारी. दिवाळीच्या सकाळी त्यांच्यात ‘गंगास्नानम् आच्चा?’, म्हणजे ‘गंगास्नान झालं का?’ असं विचारतात आणि ते स्नान तेलाचंच असतं. म्हणजे योगशाळेतला शनिवार हा घरोघरचाच शनिवार. “तुझा शनिवार चुकतोय,” त्या म्हणाल्या. मी त्यांना मामी म्हणते. तिकडे आईच्या मते शनिवार मारुतीचा, इकडे मामींच्या मते पुरुषांचा. मी दोघींचं ऐकून घेते आणि शनिवारीच लावते, कारण मला सुट्टी शनिवारी असते.

यात खुद्द योगग्रंथ कुठे आहेत? पंधराव्या शतकातल्या स्वात्मारामाच्या हठप्रदीपिकेत अंग चोळायला सांगितलंय, पण तेलानं नव्हे, श्रमानं आलेल्या घामानं. त्यानं अंगाला दृढता आणि हलकेपणा येतो म्हणे. लोकलनं प्रवास करणाऱ्या माणसाला हा उपाय फुकटात होतो. तेव्हा ‘तेलस्नान हा प्राचीन योगाचा भाग आहे’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर हसून सोडून द्यावं. ही घरातली आणि वैद्याची गोष्ट आहे, ती योगशाळेत पाहुणी आली आणि राहिली.

लावलेलं तेल जातं कुठे?

‘सांध्यांना वंगण मिळतं’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की एकेकाळी मलाही ते खरं वाटायचं. कातडीचा सगळ्यात वरचा थर मृत पेशींचा असतो. जुन्या कौलारू घराचं छप्पर डोळ्यांसमोर आणा: कौलावर कौल, आणि फटी बुजवायला शरीरानंच तयार केलेला स्निग्ध पदार्थ. तळहात-तळपाय सोडले तर हा थर मिलिमीटरच्या पन्नासाव्या-शंभराव्या भागाएवढा पातळ असतो, पण बाहेरचं पाणी आत आणि आतलं पाणी बाहेर जाऊ न देण्याचं काम तो चोख करतो. तुम्ही चोळलेलं तेल मुख्यतः या छपरात मुरतं. कौलांमधल्या फटी भरतं, आतलं पाणी उडून जाण्याचं प्रमाण कमी करतं, कातडी मऊ लागते. डिसेंबर-जानेवारीत, किंवा बाराही महिने एसीत बसणाऱ्याला, याचा फायदा हाताला कळतो.

गुडघ्याचा सांधा या छपराच्या कितीतरी खाली आहे. मध्ये कातडीचे बाकीचे थर, चरबी, अस्थिबंध आणि सांध्याभोवतीची पिशवी. तेल तिथे पोचत नाही. शिवणयंत्राच्या झाकणावर तेल ओतलं म्हणून आतलं चाक हलकं फिरत नाही, तसंच हे.

पण आतलं वंगण असतं, आणि ते शरीर स्वतः बनवतं. निरोगी गुडघ्यात ते जेमतेम दोन-चार मिलिलिटर, अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं बुळबुळीत. सांध्यातल्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तिचं पोषण याच द्रवातून होतं. आणि ते होण्यासाठी कूर्चा दाबली जावी लागते, सुटावी लागते, स्पंजसारखी. हे काम हालचाल करते. म्हणजे सांध्यांना तेल घालायचंच असेल तर ते रविवार ते शुक्रवार चटईवर घातलं जातं.

मग शनिवारी अंघोळीनंतर गुडघे हलके वाटतात ते काय खोटं? अजिबात नाही. फक्त श्रेय तेलाच्या थेंबांना नाही, ते लावण्याच्या क्रियेला आहे.

एक तर चोळणं. कोरड्या कातडीवर हात फिरवला तर दोन मिनिटांत आग होते. तेल असलं की हात अडखळत नाही आणि पोटरी दहा मिनिटं निवांत चोळता येते. नव्या आसनानंतर जे अंग दुखतं ते त्याच दिवशी नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोर धरतं, आणि चोळण्यानं ते थोडंफार उतरतं. ‘साठलेलं लॅक्टिक आम्ल निघून जातं’ हे मात्र चूक. ते सराव संपल्यावर तासाभरात शरीर आपलं आपण वापरून टाकतं. आराम येतो त्याचं मोठं कारण मज्जासंस्थेत आहे. केस असलेल्या कातडीत, म्हणजे तळहात-तळपाय सोडून जवळजवळ सगळीकडे, असे मज्जातंतू असतात जे सावकाश फिरणाऱ्या हातालाच चांगला प्रतिसाद देतात: सेकंदाला साधारण एक ते दहा सेंटिमीटर. लहान बाळाच्या अंगावरून आजीचा हात फिरतो तो याच वेगानं. घाईघाईत खसाखसा चोळलं तर तेल लागतं, पण ही गंमत हुकते.

दुसरं, ऊब. गरम पाण्यानं कातडीजवळच्या रक्तवाहिन्या फुगतात, स्नायू सैलावतात. रात्री झोपायच्या तास-दोन तास आधी गरम पाण्यानं अंघोळ केली तर झोप लवकर लागते, कारण कातडीवाटे आतली उष्णता बाहेर पडून शरीर आतून थोडं थंड होतं. ‘तेल लावलं की गाढ झोप येते’ यातला मोठा हिस्सा पाण्याचा आहे.

तिसरी गोष्ट माझ्या लेखी सगळ्यात मोलाची: हात फिरवताना लागलेला शोध. दोन वर्षांपूर्वी एका शनिवारी डाव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला, सांध्याच्या फटीवर, अंगठा टेकला आणि कळ आली. उजव्याला तसंच दाबलं तर काही नाही. आसनं करताना मला हे कधी जाणवलं नव्हतं, कारण तिथे लक्ष श्वासावर, नाहीतर शेजारणीच्या पद्मासनावर. पद्मासनाचीच ती करामत होती. पाय मांडीवर चढवायचा तर जांघेचा सांधा बाहेरच्या बाजूला भरपूर वळावा लागतो. तो वळला नाही आणि आपण पाऊल हातानं ओढून वर ठेवलं, तर न वळलेला पीळ गुडघ्यावर पडतो. गुडघा मुळात बिजागरीसारखा. त्याला असा पीळ सोसत नाही आणि आतल्या बाजूची कूर्चेची चकती चिमटली जाते. मी चार महिने पद्मासन बंद ठेवलं, जांघ मोकळी करणारी आसनं केली, आणि दर शनिवारी अंगठ्यानं तीच जागा तपासत राहिले. कळ गेली. एरंडेलानं ती घालवली असं मी म्हणणार नाही. एरंडेलानं ती सापडली.

राहता राहिली ‘विषारी द्रव्यं’. ती बाहेर टाकायला यकृत आणि मूत्रपिंडं आहेत, कातडी नव्हे. उटणं चोळल्यावर जो करडा मळ वळतो त्यात मृत कातडी, धूळ आणि डाळीचं पीठ असतं. मुंबईच्या धुळीत तो वळला नाही तरच नवल.

उष्णता नावाचं कोडं

म्हैसूरच्या पद्धतीत तेलस्नानाचं मुख्य कारण सांगतात ते उष्णतेचं. रोजच्या जोरकस सरावानं अंगात उष्णता साठते, सांधे-पाठ दुखू लागतात, आणि एरंडेल ती ओढून घेतं. मामीही तेच म्हणतात, फक्त तिळाच्या तेलाबद्दल. पण आयुर्वेदाचं पुस्तक उघडलं तर तीळतेल आणि एरंडेल दोन्ही उष्ण सांगितलेली! उष्ण तेल उष्णता कशी काढणार?

मला समजलं ते असं. इथे उष्णता म्हणजे थर्मामीटरवरची नव्हे. सलग सहा दिवस मेहनत केलेल्या माणसाची जी अवस्था होते त्या सगळ्याला मिळून ते नाव आहे: डोळे चुरचुरणं, झोप उडणं, चिडचिड, कोरडं अंग. वैद्य यातल्या बऱ्याच गोष्टींना रूक्षपणा आणि वात म्हणेल, व्यायामशास्त्राचा माणूस म्हणेल ‘विश्रांती कमी पडतेय’. तिघांचा उपाय शेवटी एकाच ठिकाणी येतो. तेल लावलेला माणूस काहीही करू शकत नाही. सोफ्यावर बसू शकत नाही, बाजारात जाऊ शकत नाही, ‘चल, दोन सूर्यनमस्कार घालून घेऊ’ म्हणत चटईवर उभा राहू शकत नाही. मुंबईच्या माणसाला नुसतं ‘आराम कर’ सांगून तो करत नाही. हातात कपडे वाळत घालायचे चिमटे घेऊनच तो आराम करतो. त्याला तेलानं थापून एका स्टुलावर बसवावं लागतं. माझा सहा वर्षांचा अनुभव विचाराल तर सरावाला तेलाची खरी मदत ही आहे.

कुठलं तेल

एरंडेलाची आमची जुनी ओळख. पोट साफ करायचा तो भयंकर चमचा, काजळ धरायचा दिवा, आणि मल्लखांब. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभट्टदादा देवधरांनी नावारूपाला आणलेला हा खेळ शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरात आजही जोरात चालतो. तिथे तेल खेळाडूला नाही, खांबाला लावतात, आणि ते एरंडेलच असतं. त्याचं कारण त्याच्या रसायनात आहे. एरंडेलात जवळजवळ नव्वद टक्के रिसिनोलिक आम्ल असतं. त्याच्या रेणूला एक जादा हातासारखा गट असतो आणि त्यानं रेणू एकमेकांना धरून ठेवतात. म्हणून ते दाट, चिकट, अंगावरून ओघळत नाही आणि बोटाखाली थर टिकून राहतो. धुवायला त्रास होतो तोही त्याच कारणानं.

मी तीन भाग तिळाच्या तेलात एक भाग एरंडेल मिसळते. नुसतं एरंडेल फक्त गुडघ्यांना. तिळाचं तेल घाण्याचं मिळालं तर उत्तम, फक्त चायनीजसाठीचं भाजलेल्या तिळाचं नको, दिवसभर मंचुरियनचा वास येतो. खोबरेल हलकं, धुवायला सोपं, उन्हाळ्यात बरं. चोवीस अंशांच्या खाली ते थिजतं, म्हणून जानेवारीच्या सकाळी मुंबईतही बाटली गरम पाण्यात धरावी लागते. मोहरीचं तेल झोंबतं. ते उत्तरेच्या थंडीसाठी ठीक, आपल्या दमट हवेत नाजूक कातडीला नकोच. कुठलंही नवं तेल आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस वाट बघा.

तीन बाय चारच्या मोरीत

आधी पाणी भरून घ्या. हे मी का सांगतेय ते वर आलंय.

तेलाची वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून कोमट करा, गॅसवर नको. जुना गाऊन, खाली गोणपाट किंवा वर्तमानपत्र, बसायला प्लास्टिकचं स्टूल. हातापायांच्या लांब हाडांवरून लांब हात, सांध्यांभोवती गोल हात. तळपाय सगळ्यात शेवटी, आणि बसल्याबसल्या. त्यानंतर उठून ‘जरा दूध उतू जातंय का बघते’ असं करायचं नाही. तेलकट पाय आणि ओली फरशी यांच्या भेटीपुढे पद्मासनाचा धोका काहीच नाही.

पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं पुरे. दर आठवड्याला पाच-पाच मिनिटं वाढवा. एरंडेलाच्या बाबतीत हा नेम जुने शिकवणारे फार कटाक्षानं पाळायला लावतात, कारण एकदम जास्त वेळ ठेवून मग कढत पाणी घेतलं की काहींना गळून गेल्यासारखं होतं.

धुण्याची युक्ती मला मामींनी दिली आणि तिच्यावाचून माझा दुसरा शनिवारही वाया गेला असता: पाणी आधी घ्यायचंच नाही. तेलकट अंगावर कोरडं डाळीचं पीठ, नाहीतर मसुराच्या डाळीचं, भुरभुरून चोळायचं. पीठ तेल पिऊन घेतं, त्याच्या वळकट्या पडतात, त्या झटकायच्या आणि मग कोमट पाणी. केसांना शिकेकाई-रिठ्याची पातळ खीर, तीही पाण्याच्या आधी. रिठ्यातलं सॅपोनिन एका टोकानं तेल धरतं, दुसऱ्या टोकानं पाणी, आणि दोघांना हाताला धरून मोरीकडे घेऊन जातं. डोळे घट्ट मिटा, रिठा भयंकर झोंबतो. माटुंग्याच्या बाजारात शिकेकाईची पूड सुटी मिळते. साबणच वापरणार असाल तर पालिकेच्या पाण्यात अडचण नाही. भातसा, वैतरणा, तानसाचं पावसाचं पाणी ते, फेस छान येतो. टँकरचं किंवा बोअरवेलचं जड पाणी असेल तर साबण आणि क्षार मिळून अंगावर चिकट साय धरते आणि तेल अधिकच रुसतं.

मग मोरी. आधी वर्तमानपत्रानं फरशीवरचं तेल पुसून कचऱ्यात टाका, मग भांड्यांचा साबण आणि गरम पाणी. नाहीतर तुमच्यानंतर अंघोळीला जाणारे बाबा घसरतील, आणि जाळीत तेल-पिठाचा लगदा बसून खालच्या मजल्यावरचे भांडायला येतील. टॉवेल वेगळा ठेवा. दमट हवेत त्याला दोन दिवसांत खवट वास येतो.

गॅसचा गिझर असेल तर एक गोष्ट कळकळीनं. तेल काढायला गरम पाणी जास्त वेळ लागतं, आणि बंद मोरीत तेवढा वेळ जळणारा गिझर प्राणवायू संपवून कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. चक्कर आली हे कळेपर्यंत कडी काढायची ताकद राहत नाही. गिझर मोरीच्या बाहेर हवा आणि खिडकी उघडी हवी. हे होत नसेल तर पाणी स्वयंपाकघरात तापवून बादलीनं न्या.

कुणी लावू नये, आणि नंतर काय

ताप असेल तर नको. सर्दीनं भरलेलं डोकं, अजीर्ण झालेलं असेल तर वाग्भटही नको म्हणतो. नायटा-गजकर्ण असेल तर तेलानं ओल कोंडते आणि तो फोफावतो. डोक्यात कोंडा असेल तर ‘तेल कमी पडतंय’ हा समज बहुधा उलटा असतो. कोंड्यामागची बुरशी तेलातल्या स्निग्ध आम्लांवरच जगते. घामोळं, पाठीवर पुटकुळ्या, उघडी जखम असली तरी थांबा. मे महिन्यात मी फक्त तळपायांना लावते, तेही काशाच्या वाटीनं, रात्री. मधुमेहानं पायांची जाणीव कमी झालेल्यांनी पाणी किती गरम आहे ते दुसऱ्याकडून बघून घ्यावं. रक्तदाब कमी असेल तर कढत पाण्यानंतर झटकन उभं राहू नये. गरोदर बाईनं एरंडेलाचा विषय डॉक्टरांशिवाय काढूच नये, पोटात घेण्याचा तर नाहीच.

त्या दिवशी सराव नाही. हाताची पकड जाते आणि डोकं जरा तरंगत असतं. ऊन, एसीची थंड हवा, फ्रिजचं पाणी टाळायला सांगतात; मी ऊन टाळते, बाकीचं जमेल तसं. जेवायला मऊ भात, मेतकूट, तूप.

आता मी सहाला पिंप भरते आणि सव्वासहाला स्टूल गॅलरीच्या दाराशी ओढते. खाली पेपरवाल्याची सायकल, समोरच्या चाळीत कुणाचा तरी कुकर. डाव्या गुडघ्याची ती जागा दाबून बघते, उजव्याची बघते. फोनवर मेसेज येतो, सवयीनं अंगठा टेकवते. तेलकट अंगठा फोन ओळखत नाही. पुन्हा टेकवते, पुन्हा नाही. गाऊनला पुसावा तर गाऊनही तेलानं भिजलेला. फोन पालथा घालते आणि दुसरी पोटरी चोळायला घेते. साडेसहा झालेत, अजून दहा मिनिटं, मग पीठ.